तळघराची ओल आणि कागदावरची दहा वर्षांची गॅरंटी

वाईला आमचा सासरचा जुना वाडा आहे. खाली काळ्या दगडाचं तळघर. सासूबाई तिथे धान्य साठवायच्या. अलीकडे पावसाळ्यात भिंती पाझरायच्या, लोणा सुटायचा. म्हणून फेब्रुवारीत एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्यात माझे १,४०,००० रुपये गेले.

माणूस बोलायला गोड. त्याने दोन सुयांचं यंत्र भिंतीला टेकवलं, लाल दिवा लागला. "काकू, भिंत आतून पूर्ण भिजलीय. यंदा केलं नाही तर पाया खचेल." मी घाबरले. ते यंत्र सुयांमधून वीज किती सहज वाहते ते पाहतं, आणि लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळेही आकडा चढतो, हे मला फार उशिरा कळलं.

त्याने भिंतीला ओळीने भोकं पाडून केमिकल भरलं. आपल्या जुन्या भिंतींत दोन्हीकडे दगड आणि मध्ये चिपा-मातीचा भराव असतो. त्या पोकळ्यांत केमिकल कुठे जिरलं, कोण सांगणार? वर सिमेंटचा गिलावा, चकचकीत कोटिंग, आणि "दमट हवा येते" म्हणून दोन्ही झरोके बंद. रोख दिले तर जीएसटी वाचेल म्हणाला, म्हणून ८०,००० रोख दिले. बिल नाही. गॅरंटी साध्या कागदावर.

जुलैत गिलावा फुगला. हात लावला तर ताटाएवढा पोपडा सुटून आला, मागचा दगड ओलाचिंब. पूर्वी चुन्याच्या दरजांतून सुकणारं पाणी आता कोंडलं होतं, वरच्या सोप्याच्या भिंतीला हातभर ओल चढली. फोन केला तर म्हणाला, "गॅरंटी कोटिंगची आहे, बाहेरून येणाऱ्या पाण्याची नाही." मग तळघरात पाणी येणार तरी कुठून? त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही.

शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. तो खाली उतरण्याआधी वाड्याला फेरी मारून आला. परसातल्या फरशीचा उतार भिंतीकडे, आणि पन्हळीचा पाइप नेमका भिंतीच्या बुडाशी सुटलेला! पहिल्या माणसाने परसात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. आम्ही पाइप लांब नेला, उतार फिरवला, गिलावा खरवडून दरजा चुन्यात भरल्या, झरोके उघडले. २६,००० लागले. भिंत सुकायला वर्ष-दोन वर्षं जातील, हे त्याने आधीच सांगितलं.

कुणाला बोलवण्याआधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली वाफ, मागे धरले तर पाणी भिंतीतून येतंय. आणि पक्क्या बिलाशिवाय विसारही देऊ नका. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. माझ्याकडे उरलेल्या ६०,००० च्या चेकची नोंद आणि तो गॅरंटीचा कागद आहे. तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहितेय.