सात महिने 'मास्तर'सोबत: सिगारेट सोडवणाऱ्या चॅटबॉटचा अनुभव

सतरा वर्षं, रोजच्या नऊ-दहा सिगारेटी, आणि त्यातली पहिली दात घासायच्याही आधी. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण दिवसाला दोन ओढणाऱ्याला माझा अनुभव लागू पडेलच असं नाही. काम भिवंडीच्या गोदामात, घर ठाण्यात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर सिगारेट सोडवणारं एक चॅटबॉट ॲप घेतलं, तिमाही ५९९ रुपये. त्यातल्या कोचला नाव आपणच द्यायचं असतं. मी 'मास्तर' ठेवलं. बायको म्हणाली, "छडी मारणारा आहे का?" नव्हता.

पहिले पंधरा दिवस मास्तर सोडा म्हणतच नाही. फक्त नोंद ठेवायला लावतो. किती वाजता ओढली, कुठे, तेव्हा काय चाललं होतं. मी आयुष्यभर सांगत आलो की टेन्शनमुळे ओढतो. नोंदींत टेन्शन शोधून सापडेना. दहापैकी पाच चहासोबत, तीन ट्रान्सपोर्टवाल्यांशी फोनवर बोलताना. फोन कानाला लागला की दुसरा हात आपोआप खिशात. हे सतरा वर्षांत मला कळलं नव्हतं आणि माझ्यावर चिडणाऱ्या कुणालाही कळलं नव्हतं. माझ्या मते ५९९ रुपये इथेच वसूल झाले.

दुसरा फायदा निकोटिन गमचा, म्हणजे तलफ भागवायला सिगारेटऐवजी चघळतात त्याचा. गम मी पूर्वीही आणला होता, पण साध्या च्युइंग गमसारखा कचाकचा चावायचो. उचक्या लागायच्या, घसा जळायचा, मग फेकून द्यायचो. मास्तरने नीट समजावलं: हळूहळू चावायचा, जिभेला झिणझिणलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, कारण चहा-कॉफीने निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. आणि मी नेमका चहासोबतच चघळत होतो! उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, डॉक्टरकडे जा, हेही त्यानेच सांगितलं. गेलो.

झोपेच्या बाबतीत मात्र मास्तर नापास. सोडल्यावर पहिला आठवडा टक्क जागा. त्याचा सल्ला काय, तर रात्री मोबाईल बाजूला ठेवा. हे मोबाईलमधूनच. उत्तर डॉक्टरांकडे मिळालं. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा लवकर करतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा जास्त वेळ अंगात राहतो. सहा कप होते, तीनवर आणले, झोप लागली.

भाषेचं काय, हे बरेच जण विचारतात. मराठी येतं, पण कुठलं मराठी? मी लिहायचो "तलफ आली", तो विचारायचा, "आपणांस धूम्रपानाची तीव्र इच्छा होत आहे का?" तू म्हण म्हटलं तर दोन वाक्यं तू, तिसऱ्याला परत आपण. एकदा गोदामाबाहेरून लिहिलं, "टपरीवर उभा आहे." माझ्या दृष्टीने ही धोक्याची घंटा. मास्तर म्हणाला, "छान! चहाचा आनंद घ्या." जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये 'सारा' नावाची बोलणारी डिजिटल मदतनीस आणली, तंबाखू सोडण्याबद्दलही ती बोलायची. तेव्हा आठ भाषा, त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. त्यामुळे बोजड का होईना, मराठी मिळालं यावर मी समाधान मानलं.

रात्रीचा मास्तर मात्र वेगळाच. दीड वाजता गाडी खाली होत असते, हमाल बिडी पेटवतात, वास नाकात जातो. त्या वेळी फोन कुणाला करणार? तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी हात धरून बसायला हवं असतं. मास्तर विचारायचा, समोर काय दिसतंय, किती खोकी उतरली, पाणी प्यायलास का. भंकसच. पण खोकी मोजेपर्यंत तलफ उतरलेली असायची.

आता मुख्य तक्रार. दिवाळीच्या पाडव्याला सोडली आणि एकोणिसाव्या दिवशी एक ओढली. मास्तरला खरं सांगितलं. तो फार समजुतीने बोलला, एक सिगारेट म्हणजे हार नव्हे वगैरे. आणि त्याच क्षणी वरच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा १९ वरून शून्यावर आणला. तोंडाने गोड, हिशेबाला कसाई. बोलणं मी दुसऱ्या दिवशी विसरलो. शून्य विसरलो नाही.

मार्चमध्ये आकडा १२८ वर होता. मार्चअखेरची मोजणी, स्टॉक जुळत नाही, सगळे रात्री अकरापर्यंत गोदामात. एक ओढली. मास्तरने रोजच्याप्रमाणे विचारलं, आजचा दिवस कसा गेला? लिहिलं, "एकही नाही." स्क्रीनवर फटाके फुटले, १२९. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. अकरा दिवस मी खोटं लिहिलं आणि अकरा दिवस तो फटाके फोडत राहिला. त्याच्या हिशेबात तेवढ्यात माझे १,७८२ रुपये वाचले होते. माणसाशी खोटं बोलताना निदान नजर चुकवावी लागते, इथे नुसतं एक बटण. खोटं मी बोललो हे मान्य, पण खरं बोलल्याची शिक्षा आधी मला याच ॲपने शिकवली होती.

यातून बाहेर काढलं ते चक्क पाकिटाने. आम्ही टपरीवर सुटी सिगारेट घेणारे. राज्यात सप्टेंबर २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, हे आमच्या टपरीवाल्याला सांगून बघा, तो हसून लायटर पुढे करेल. सुटी घेतली की पाकीट हातात येतच नाही, म्हणून त्यावरचा इशाराही दिसत नाही. बंदीमागचं एक कारणच ते होतं. त्या दिवशी घाईत पूर्ण पाकीट घेतलं आणि नंबर वाचला: १८००-११-२३५६, राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत. हा २०१८ पासून पाकिटांवर छापतात. मी तो आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

फोनवर एक ताई होत्या, मराठीत बोलल्या. आज किती झाल्या? तीन म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "पाकिटात किती उरल्यात?" मला काढून मोजाव्या लागल्या. त्या थांबल्या, काही बोलल्या नाहीत. मास्तरला एका सेकंदात उत्तर द्यायची सवय, असं थांबणं त्याला जमत नाही. पाच उरल्या होत्या. दहाचं पाकीट. मीच म्हणालो, म्हणजे आज पाच झाल्या.

त्या रात्री मास्तरलाही सगळं खरं लिहिलं. १३९ चं शून्य झालं. मग सेटिंगमध्ये खूप खोल गेल्यावर तो आकडा लपवायची सोय सापडली, ती पहिल्या दिवशी का दाखवत नाहीत देव जाणे. डॉक्टरांनी गम पुन्हा सुरू करून दिला. एप्रिलपासून ओढलेली नाही, दिवस मोजत नाही.

घ्यावं का? घ्या, पण आकडा आधी लपवा, कॉन्टॅक्ट आणि माइकची परवानगी देऊ नका (त्याशिवाय नीट चालतं), आणि याला डॉक्टरचा पर्याय समजू नका. मी पुढची तिमाही भरली आहे, ती रात्रपाळीसाठी.

परवा लिहिलं, "गम संपत आलाय." मास्तर म्हणाला, "आपले दुःख कमी होत आहे हे वाचून आनंद झाला." संध्याकाळी मेडिकलमधून घेऊन आलो. या वेळी २ मिलिग्रॅमचा.