कॅल्शियम रिअॅक्टर निवडताना: खोक्यावरचे लिटर आणि प्रवाळांचा खप

कॅल्शियम रिअॅक्टर म्हणजे समुद्री प्रवाळांच्या टाकीला जोडायचे उपकरण: त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून आम्लधर्मी केलेले पाणी कॅल्शियम कार्बोनेटचे खडे (मीडिया) विरघळवते आणि प्रवाळांना लागणारे कॅल्शियम व कार्बोनेट टाकीत पोचवते. साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा, एकाच कक्षाचा आणि २ किलो मीडिया मावणारा असा रिअॅक्टर बहुधा ‘५०० लिटरपर्यंतच्या टाकीसाठी’ म्हणून विकला जातो. उपकरण म्हणून तो उत्तम आहे: वायूचे बुडबुडे बाहेरून नीट मोजता येतात, पीएच प्रोबसाठी जागा आहे आणि मीडिया भरणे सोपे जाते. माझा आक्षेप आहे तो लिटरच्या आकड्याला, कारण कॅल्शियम संपवतात ते प्रवाळ; टाकीत पाणी किती आहे यावर तो खप ठरत नाही. टाकीत मोजके मऊ प्रवाळ असतील तर हा रिअॅक्टर गरजेपेक्षा मोठा ठरतो, आणि तेवढ्याच टाकीत अॅक्रोपोरा (कठीण सांगाडा बांधणारे प्रवाळ) दाटीने वाढत असेल तर तोच अपुरा पडतो.

म्हणून खरेदीपूर्वी रोजचा खप मोजावा, आणि तो अल्कलिनिटीवरून, म्हणजे प्रवाळ कॅल्शियमबरोबरच वापरतात त्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणावरून मोजावा; तिचे एकक डीकेएच. अल्कलिनिटी २ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅमने घटते, आणि ४२० मिलिग्रॅमच्या पातळीवर एवढा फरक घरगुती चाचणीत विश्वासाने टिपता येत नाही. दोन-तीन दिवस कोणतीही भर न घालता, पाणी न बदलता, ठरावीक वेळी मोजणी केली की आकडा मिळतो.

समजा, दगड-वाळू वगळता टाकीत ४०० लिटर पाणी आहे आणि रोज २ डीकेएच खर्च होतात. रिअॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी ३० आणि टाकीची ८ असेल, तर प्रत्येक लिटरमागे २२ डीकेएचची भर पडते. म्हणजे दिवसाला सुमारे ३६ लिटर, मिनिटाला २५ मिलिलिटर पाणी रिअॅक्टरमधून जायला हवे. यात रोज सुमारे १४ ग्रॅम मीडिया विरघळतो. एवढे काम हा रिअॅक्टर आरामात करतो.

खप दुप्पट झाला की मात्र त्याची मर्यादा दिसू लागते. प्रवाह वाढवला तर पाण्याला मीडियाच्या सहवासात पुरेसा वेळ मिळत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वाढवला तर कक्षातला पीएच ६.५ च्या बराच खाली जाऊन मीडियाचा लगदा होऊ शकतो, आणि उरलेला वायू टाकीत उतरून तिचाही पीएच पाडतो, विशेषतः रात्री. दुसरा कक्ष जोडल्यास हा उरलेला वायू बराचसा त्यातच खर्ची पडतो. या मॉडेलमध्ये ती सोय नाही, ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

प्रवाळ वाढतात तसा खपही वाढतो, त्यामुळे आजच्या गरजेपेक्षा एक पायरी मोठा रिअॅक्टर घेणे मला योग्य वाटते. फार मोठा घेऊन थेंबाथेंबाने चालवला तर प्रवाह नियंत्रित करणारा निडल व्हॉल्व्ह वारंवार तुंबतो. एवढा कमी प्रवाह ठेवावाच लागला, तर पाणी ओढण्यासाठी वेगळा पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा) लावावा.