४१५ चे ३८०: एक्स-रे मशीनच्या ट्रान्सफॉर्मरसोबत आठ महिने

आमचं एक्स-रे मशीन ३८० व्होल्टचं, थ्री-फेज पुरवठा ४१५ चा. मशीनला दहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ३४२ ते ४१८. दुपारी लाइनला ४०० असायचे, काम निभायचं. रात्री आजूबाजूचा लोड उतरला की ४३० व्हायचे आणि मशीन एक्स्पोजरच (फोटोसाठी सोडलेला किरणांचा झोत) द्यायचं नाही. टेबलावर अपघाताचा पेशंट आणि समोर एरर! म्हणून आठ महिन्यांपूर्वी ४१५ चे ३८० करणारा ५० केव्हीए क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (ज्यात येणारी आणि जाणारी वायरिंग थेट जोडलेली नसते) बसवला.

रात्रीचा त्रास त्याच दिवशी संपला. ४३० चे ३९४ झाले.

पण दुपारी नवंच दुखणं सुरू झालं. हात, पाय, छाती व्यवस्थित निघायचे, कमरेचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढायचा फोटो, घेताना मात्र एक्स्पोजर मधेच तुटायचं. पेशंटला किरणं बसली आणि हातात फोटो नाही, पुन्हा झोपा. हे मला अजिबात सहन होत नाही.

इलेक्ट्रिशियन आला, मीटर लावून म्हणाला, "३६६ आहेत मॅडम, व्होल्टेज बरोबर आहे." रिकाम्या लाइनवर असणारच! कमरेच्या लॅटरलला ९० केव्ही (किलोव्होल्ट) आणि ३०० एमए (मिलिअँपिअर) म्हणजे २७ किलोवॅट, अर्धा सेकंदही नाही, पण तेवढ्यात लाइनमधून ५० अँपिअरच्या आसपास ओढले जातात. दुसऱ्याने किमान आकडा धरून ठेवणारा मीटर लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. लाइन ४०० वरून ३७६, ट्रान्सफॉर्मरच्या पुढे ३३४. ट्रान्सफॉर्मरने सगळं व्होल्टेजच खाली आणलं होतं, त्यामुळे आधी खपून जाणारी घट आता नडत होती.

दोष केबलचा होता: ७० मीटर, ६ चौरस मिमी तांब्याची. २५ ची ओढली आणि लाइनवरची घट २४ व्होल्टवरून ९ वर आली. सर्व्हो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज सावरणारं यंत्र) घ्या असंही काहींनी सुचवलं होतं. पण ती मोटर फिरून व्होल्टेज सावरेपर्यंत एक्स्पोजर संपलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर घ्याल तर केबलचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरा.

तक्रार एकच. सकाळी चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर इतका करंट ओढायचा की सी-टाइप एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा. असा क्षणिक करंट सोसणारा डी-टाइप बसवल्यापासून एकदाही पडला नाही.

केबलनंतरही दुपारी लोडवर, म्हणजे एक्स्पोजर चालू असताना, ३४८ च मिळत होते, म्हणजे काठावरच. गेल्या महिन्यात ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटचा टॅप (जोडणीची जागा) ४१५ वरून ४०० वर घेतला, म्हणजे आता ४०० ला ३८० मिळतात. आता दुपारी लोडवर ३६१, रात्री रिकाम्या लाइनवर ४०८. तेव्हापासून कमरेचा एकही लॅटरल व्होल्टेजपायी दुसऱ्यांदा घ्यावा लागलेला नाही.