वेव्ह म्हणजे नुसती लाट? खिशातली डिक्शनरी, ३ स्टार

नवी पेठेतून पुतणीसाठी ही छोटी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली, कागद बरा आहे, अक्षरं मोठी आहेत, दोन स्टार तिथंच दिले. पण 'वेव्ह' काढून बघा की राव, 'लाट' लिहिलंय अन् विषय संपला! आता सोलापुरात समुद्र कुठंय, आमच्याकडं लाट म्हणजे मे महिन्यातली, पारा ४० च्या वर अन् नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त गेला की हवामान खातं म्हणतं ती.

पोरीच्या धड्यात आजी खिडकीतून 'वेव्ह' करत होती, हिनं लिहिलं 'आजीने लाट केली' 😂 हात हलवून टाटा करणं हा अर्थच नाही त्यात. केसांची वेव्ह नाही, १९८६ च्या फुटबॉल वर्ल्डकपात गाजलेली ती स्टेडियममधली मेक्सिकन वेव्ह (प्रेक्षक ओळीनं हात वर करून उठतात-बसतात ती) तर लांबच राहिली. आणि रेडिओच्या असतात त्या लहरी, लाटा नव्हे, एवढं तरी सांगायला पाहिजे होतं, नायतर उद्या पोरगी मायक्रोवेव्हला 'बारीक लाट' लिहून यायची.

तिसरा स्टार दुकानदाराला, मोठी घ्यायची असेल तर बदलून देतो म्हणाला.