मातीचं घर की स्लॅबचं? आधी छत ठरवा, मग भिंती

गावात जो तो जुनं पाडून स्लॅब टाकून राहिला, आणि दुसरीकडं मोबाईलवर मातीच्या घरांचे व्हिडिओ पाहून पोरं म्हणतात आपण पण तसंच बांधू. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे भाऊ, अख्ख्या घराचा एकदम सौदा करू नका, पायवा, भिंत, छत तिन्हीचा वेगळा हिशोब करा, आणि सुरुवात छतापासून.

कारण आपल्याकडचं ऊन. 2013 च्या मे महिन्यात नागपूरला पारा 47.9 वर गेला होता, आणि ते ऊन दिवसभर पडते छतावरच. आमच्या नव्या खोलीत रात्री 11 ला पलंगावर उभं राहून स्लॅबला खालून तळहात लावला तर ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखा लागते, पंखा तीच गरम हवा खाली ढकलते. बाजूलाच आजीचं घर, दीड हात रुंद मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं), तिथं भर दुपारी झोप लागते. पण लोकांनी कवेलू सोडले त्यालाही कारण आहे, माकडांची टोळी येऊन गेली की कवेलूंचा चुरा, आणि पावसाळ्याआधी फेरायला माणूस भेटत नाही. टिन स्वस्त आहे पण उन्हाळ्यात आत बसवत नाही.

मला पटलेला मधला रस्ता म्हणजे फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात ताण लोखंड घेते, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवते, म्हणून सळ्यांच्या मधात कवेलू बसवतात, सिमेंट वाचते आणि कवेलूंच्या पोकळीमुळं उष्णता हळू उतरते. कमी खर्चाची घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हे खूप केलं. सळ्यांचं अंतर मात्र इंजिनियरकडूनच काढून घ्या. वर्ध्याजवळ दत्तापूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावरचे शंकूसारखे कवेलू एकमेकांत खोचून कमानीचं छत बसवलं, तेही पाहून या.

भिंतीसाठी शेतातली काळी माती नकोच, वाळली की फाटते, आपल्या जुन्या माणसांनी गावठाणची पांढरी मातीच वापरली. नुसत्या मातीची भिंत सगळ्यात थंड, पण दरसाल लिपणं-सारवणं आलं आणि ते माय-बहिणींच्याच अंगावर पडते, त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. दाबून केलेल्या मातीच्या विटांत 5 ते 8 टक्के सिमेंट लागते, भट्टी लागत नाही, पण मशीन गावात आणावी लागते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांकडं राहत असाल तर तिथल्या कोळशाच्या राखेच्या विटा जवळ भेटतात, त्या रॅट ट्रॅप पद्धतीनं उभ्या लावल्या की मधात पोकळी राहते, विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात. घरकुल योजनेच्या पैशात हप्त्याहप्त्यानं बांधणाऱ्याला मी हेच सांगीन.

पायव्यात मात्र काटकसर करू नका. काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खोदाच. काकाच्या घरी मजूर 3 फुटांवर थांबले, दुसऱ्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, आता तिच्यात बोट जाते.

आम्ही मागच्या दोन खोल्या फिलर स्लॅबच्या करतो आहे. गोठ्याचे कवेलू उतरवले, फुटके बाजूला काढले, धड निघाले ते धुऊन आंब्याखाली रचून ठेवलेत, दिवाळीनंतर काम सुरू.