स्टार एअरचं ५० सीटचं की ७६ सीटचं: तिकीट कुठल्या विमानाचं काढावं?

स्टार एअर म्हणजे संजय घोडावत समूहाची, आपल्या कोल्हापूरकडचीच कंपनी. जानेवारी २०१९ मध्ये ती सुरू झाली ती ५० सीटच्या एम्ब्रेअर १४५ विमानांवर. २०२३ पासून ७६ सीटची एम्ब्रेअर १७५ येऊ लागली आणि तेव्हापासून ताफ्यात भर पडतेय ती मुख्यतः याच विमानांची. दोन्ही ब्राझीलची, दोन्ही जेट, वेगातही फरक जवळजवळ नाही. त्यामुळे ‘लवकर कुठलं पोचवेल’ हा प्रश्न इथेच बाजूला ठेवा.

खरा फरक आत शिरल्यावर कळतो. १४५ मध्ये रांगेला तीनच सीट: डावीकडे एक, उजवीकडे दोन. डावीकडची सिंगल सीट मिळाली तर खिडकीही तुमची आणि बाहेर पडायची वाटही तुमची. शेजाऱ्याला उठवायचं नाही की कोपरावरून भांडण नाही. एकट्यानं तासाभराचा प्रवास करायचा असेल तर माझ्या मते ७६ सीटच्या विमानातल्या इकॉनॉमीपेक्षा ही जागा सरस. सीट निवडायला वेगळे पैसे पडत असतील तर इथे ते जरूर द्यावेत, मात्र पुढच्या रांगांसाठी. इंजिनं शेपटीपाशी आहेत. पुढे बसलात तर आवाज फारसा येत नाही, शेवटच्या दोन-तीन रांगांत मात्र बोलायचं तर ओरडूनच.

पण उंची? १४५ च्या आत मधल्या वाटेत छत जेमतेम सहा फुटांवर आहे. उंच माणूस मान वाकवूनच चालतो. सामान ठेवायचे वरचे कप्पे फक्त दोन सीटच्या बाजूला, तेही उथळ. नेहमीची ट्रॉली बॅग त्यात मावत नाही, म्हणून ती आधीच काउंटरवर देऊन टाकलेली बरी. हातात लॅपटॉपची पिशवी आणि फार तर चपलांचं एक खोकं, एवढंच ठेवा.

१७५ मध्ये रांगेला दोन-दोन सीट. मधली सीट हा प्रकारच नाही, म्हणजे एअरबस-बोइंगमधली सगळ्यात नकोशी जागा इथे कुणाच्याच वाट्याला येत नाही. छत साडेसहा फुटांवर, सीट थोडी रुंद आणि ट्रॉली बॅग वर बसते. पुढे १२ सीटचा बिझनेस क्लास, मागे ६४ इकॉनॉमी. नवरा-बायको किंवा आई-मुलगी असा जोडीनं प्रवास असेल तर दुसरा विचार करू नका. पावसाळ्यात सह्याद्रीवरून जाताना, किंवा मे महिन्यात दुपारी, विमान हलतं तेव्हाही वजनाचा फरक जाणवतो: १४५ भरून साधारण २०-२२ टनांचं, १७५ त्याच्या जवळपास पावणेदोन पट. ज्याला हलण्याची धास्ती वाटते त्यानं मोठं घ्यावं आणि पंखाजवळ बसावं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी सरळ उत्तर नाही. १४५ जमिनीलगत उभं असतं, त्याचा दरवाजाच उघडून जिना होतो आणि पायऱ्या थोड्याच असतात. १७५ उंच, त्याला बाहेरून शिडी लावावी लागते. चढायला लहान सोपं, आत वावरायला मोठं सोपं. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच तशी नोंद करा, विमान कुठलंही असो.

कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर मोठ्या विमानाकडे ओढा का, हे कळतं. वैमानिक दोन्हीकडे दोनच. मुंबईत उतरण्याची वेळ मिळवणं महाकठीण, आणि ती एकदा मिळाली की ५० माणसं आणा नाहीतर ७६, जागा एकच खर्ची पडते. उलट ५० सीटपर्यंत एक केबिन क्रू चालतो, ५१ व्या सीटला दुसरा लागतो. म्हणूनच जगभर ५० सीटची जेट एवढी निघाली. पुढे इंधन महागलं आणि तेवढ्या थोड्या तिकिटांत एका उड्डाणाचा खर्च निघेना. अमेरिकेत अशी शेकडो विमानं सेवेतून काढली गेली ती याच हिशेबानं.

गावाच्या दृष्टीनं मला यात एक काळजी वाटते. ज्या मार्गावर रोज चाळीस माणसं मिळतात तिथे ५० सीटचं विमान रोज उडू शकतं. ७६ सीटचं लावलं तर आठवड्यातून तीन-चार दिवसांवर येण्याचा मोह होतो. सीट ऐसपैस मिळाली, पण मंगळवारी जायचं होतं आणि फ्लाइट बुधवारी, याला काय अर्थ? म्हणून आधी वार आणि परतीची वेळ जुळवा, विमान त्यानंतर बघा.

जवळच्या अंतरासाठी इंडिगोचं ७८ सीटचं एटीआर हाही पर्याय असतो. पंखे असलेलं म्हणून ते जुनाट नव्हे. तीनशे किलोमीटरला जेट त्याच्यापेक्षा फार तर दहा-पंधरा मिनिटं आधी पोचतं. भाडं बरंच कमी असेल तर खुशाल जा.

बुकिंग करताना विमानाचं नाव दिसलं नाही तर सीटचा नकाशा उघडा. एक-दोन अशी मांडणी म्हणजे १४५, मागे सगळीकडे दोन-दोन म्हणजे १७५. आयत्या वेळी विमान बदलू शकतं, तेव्हा आदल्या दिवशी वेब चेक-इन करताना नकाशा पुन्हा एकदा बघा. सिंगल सीटसाठी जादा पैसे भरलेले असतील तर नक्कीच.