आई-बाबांच्या स्मरणशक्तीसाठी: बी-१२ की व्हिटॅमिन ई?

साठी उलटलेल्या आई-बाबांना नावं आठवेनाशी झाली की इंदूरच्या रामबाग, सुदामानगरातल्या आपल्या मराठी घरांत मेडिकलवरून दोनपैकी एक गोष्ट हमखास येते: बी-१२ च्या गोळ्या, नाहीतर व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल. पैसे एकावरच खर्च करायचे असतील, तर आधी बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकवायला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की आवरण झिजतं आणि दुर्लक्ष झालं तर आतला तंतूही मरतो. शिवाय रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो ॲसिड वाढतं. ऑक्सफर्डमध्ये सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढच्या लोकांना २ वर्षं फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं. २०१० साली निकाल आला: मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला होता आणि ज्यांचं होमोसिस्टीन मुळात जास्त होतं, त्यांच्यात निम्म्याहून अधिक. ज्यांचं होमोसिस्टीन जास्त, त्यांनाच जास्त लाभ.

आणि बी-१२ ची कमतरता आपल्याकडे भरपूर. सकाळचे पोहे, दुपारचं वरण-भात-भाजी यांत बी-१२ जवळजवळ नसतंच. पेलाभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, गरज दिवसाला दोनाहून थोडी जास्त. चहातल्या दुधावर ती भागत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण आणखी घटतं. बाबांच्या पायांकडे जरा लक्ष द्या: तळवे जळजळतात का, चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही का, अंधारात तोल जातो का? असं असेल तर तपासणी लांबवू नका, कारण मज्जातंतूंचं नुकसान उशिरा सापडलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. नुसतं फॉलिक ॲसिड देणं तर धोक्याचंच: रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून खराब होत राहतात.

व्हिटॅमिन ई पेशींच्या आवरणातली स्निग्धं जपतं, हे खरं. पण शेंगदाणे आणि खाद्यतेल खाणाऱ्या घरात त्याची कमतरता क्वचितच आढळते. २०१४ च्या एका अमेरिकी चाचणीत अल्झायमर झालेल्यांना रोज २००० युनिट दिल्यावर दैनंदिन कामं करण्याची क्षमता कमी वेगाने घटली, स्मरणशक्ती मात्र सुधारली नाही. निरोगी वृद्ध पुरुषांमध्ये स्मृतिभ्रंश रोखायला ते उपयोगी पडलं नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. मोठा डोस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवू शकतो, म्हणून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका.

बी-१२ कमी निघालं तर गोळी की इंजेक्शन? पोटात शोषण बिघडलेलं असलं तरी १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं सुमारे १ टक्का आपोआप शिरतं, म्हणजे गरजेपुरतं मिळतं. हातपाय बधिर होत असतील, तोल जात असेल, तर मात्र इंजेक्शननेच सुरुवात करावी, आणि ते डॉक्टरांनी ठरवावं. तपासणीसाठी रक्त, गोळी चालू करण्याआधी द्या. नंतरच्या आकड्यावरून मूळ कमतरता ओळखता येत नाही.